उतरली की उठेल

कोरगाव, पेडणे
१२ फेब्रुवारी २०२५

भिकाजीदादा,

कृष्णनाथ शेटगांवकराचा नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. मासळीच्या कारखान्यात तुमच्याबरोबर इतकी वर्षं बर्फ तुडवला तोच मी. अक्षर वाकडं आहे, कारण हात अजून डोक्याचं ऐकत नाही.

फोन का केला नाही म्हणाल. डोक्याच्या ऑपरेशननंतर फोनवरचं बोलणं मला समजत नाही. समोर माणूस असला की त्याच्या तोंडाकडे बघून कळतं, फोनवर नुसती भांडी आपटल्यासारखी वाटतात. इस्पितळात बोलणं शिकवणारी एक बाई आहे. ती म्हणाली, हाताने पत्रं लिही, हरवलेले शब्द परत येतील. कुणाला लिहू, तर म्हणे ज्याच्याशी गप्पा मारायला आवडतं त्याला. म्हणून तुम्हाला.

शब्द खरंच हरवतात हो. परवा शेजारच्या सोनाबाईने विचारलं, चहाबरोबर काय आणू? मला पाव हवा होता, शब्द येईना. मी म्हटलं, तो सायकलवर पों पों करत येतो तो. ती बिचारी जाऊन पाववाल्या पोदेरालाच हाताला धरून घेऊन आली. तो माझ्यापुढे उभा, मी त्याच्यापुढे. सोनाबाई हसून हसून खाली बसली. मीही हसलो, पण ती गेल्यावर फार वाईट वाटलं.

घरी सध्या एकटाच आहे. दिपाली सेजलला घेऊन वाळपईला माहेरी गेली आहे. तिच्या आईला बरं नसतं. सोनाबाई पेज आणून देते. कामावर परत घेणार नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे गेले, कानाची पाळी गेली. पण चालतो, फिरतो, भात शिजवतो.

आता मुद्द्याचं. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. गेल्या वर्षीचा जून महिना होता, मासेमारीची बंदी, ट्रॉलर धक्क्याला बांधलेले आणि कारखान्यात कामावर आपण दोघेच, इतकं माहीत आहे. सकाळी स्कूटर लावली ते आठवतं आणि मग एकदम इस्पितळाचं छत. मधला दिवस कुणी कापून नेल्यासारखा गेला. तुम्ही तिथे होता. काय झालं ते मला सगळं लिहा. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका.

तुमचा
कृष्णनाथ


नार्वे, डिचोली
२७ फेब्रुवारी २०२५

चि. कृष्णा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मला रडू फुटलं. पोस्टमन विचारतो, कोण गेला काय? म्हटलं, गेलेला परत आला रे! माझ्या नावावर विजेच्या बिलाशिवाय काही येत नाही, तेव्हा त्यालाही नवल वाटलं. काल शिवरात्र झाली. सप्तकोटेश्वराकडे भजनाला बसलो होतो, तिथे तुझ्या नावाने नारळ ठेवला.

मी इकडे येऊन राहिलो ते बरंच केलं. कारखान्याच्या त्या थंड खोलीत पुन्हा पाय टाकायची छाती झाली नाही. नदीकाठच्या तुकड्यात तांबडी भाजी आणि मिरची लावली आहे. मुलगा फोंड्याला, सुनेला इकडचे डास चावतात, त्यामुळे तीन खोल्या आणि मी. बायको होती तेव्हा घर लहान वाटायचं.

आता त्या दिवसाचं. दुपारी मी जेवायला पलीकडे माझ्या खोलीवर गेलो. बाहेर मुसळधार पाऊस, जेवून जरा आडवा झालो तो डोळा लागला. परत आलो तर तुझी स्कूटर जाग्यावर आणि तुझा पत्ता नाही. हाका मारल्या. मग थंड खोलीचा बाहेरचा दिवा पेटलेला दिसला आणि तुझा जाडा कोट खुंटीलाच. एका मिनिटाचं काम म्हणून कोट न घालता आत शिरायची तुझी खोड, किती शिव्या खाल्ल्यास माझ्या! दार उघडलं तर मांडणीच्या पायाशी तू पडलेला. भुवया पांढऱ्या, ओठ निळे, अंग ट्रेमधल्या बांगड्यासारखं कडक. लादीवरच्या बर्फावरून घसरला असशील. बगलेत हात घालून ओढत बाहेर आणला, रिकाम्या पोत्यांवर निजवला, रखवालदाराचं कांबळं घातलं आणि त्याला फोन करायला पिटाळलं. मग जे करायचं ते केलं. दोन दिवस माझे खांदे उठत नव्हते. १०८ची गाडी आली आणि तुला घेऊन गेली. मला त्यात जागा नव्हती. मी फाटकात भिजत उभा राहिलो.

आणि एक हिशेब राहिलाय बरं का. माझी नवी कोरी फेणीची बाटली त्या दिवशी तुझ्यापायी रिकामी झाली, ती अजून भरून दिली नाहीस! डोक्याला मार लागला म्हणून विसरलो, असली सबब चालणार नाही.

दिपालीला, पोरीला आशीर्वाद.

भिकाजी


कोरगाव
१६ मार्च २०२५

भिकाजीदादा,

नमस्कार. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. काही ओळी पाठ झाल्या. बाटलीचं लक्षात ठेवलं आहे.

तुम्ही तुमच्या बाजूचं सांगितलंत, आता गाडी गेल्यानंतरचं ऐका. हे मला रूपाली डॉक्टरांनी सांगितलं. फोंड्याकडची तरुण पोरगी आहे, मोठ्या इस्पितळात त्या दिवशी कामावर तीच होती.

आधी मला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. थर्मामीटर लावला तर आकडा उठेना. आपल्याकडे ताप मोजायची सवय, गारठा कोण मोजतो! यंत्र बिघडलं असं त्यांना वाटलं. डोक्याला मागे जखम होती, पण थंडीने शिरा आखडलेल्या, त्यामुळे रक्त बाहेर आलंच नव्हतं. कुणाला दिसली नाही. हा थोड्या वेळाने आपोआप उठेल म्हणून मला कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं. श्वास अगदीच मंद झाला तेव्हा घाबरून पुढे पाठवलं.

मोठ्या इस्पितळात रूपाली डॉक्टरांनी वेगळं थर्मामीटर आणवलं. अंगातली उष्णता सदतीसच्या जागी अठ्ठावीसच्याही खाली. नाडी हाताला लागेना. कुणीतरी म्हणालं, हा गेला. तर या बाई म्हणाल्या, गारठलेल्या माणसाला गेला म्हणायचं नसतं, आधी त्याला ऊब येऊ दे. यंत्र लावून बघितलं तर काळीज चालू होतं, म्हातारी जिना चढते तसं, थांबत थांबत.

मग सगळ्यांना ताकीद. याला हलवायचं ते अलगद, धक्का बसला तर असलं गार काळीज फडफडतं आणि बंद पडतं. नळीतून कोमट ओलसर प्राणवायू दिला, शिरेतून कोमट सलाईन, वरून गरम वारा सोडणारं पांघरूण आणि तेही फक्त छातीपोटावर. हातापायांना आधी ऊब दिली तर तिथलं थंडगार रक्त काळजाकडे धावतं म्हणे. ऊब येऊ लागली तशी माझी उशी लाल झाली. आखडलेल्या शिरा सुटल्या, जखम वाहू लागली आणि तेव्हा कळलं की डोकं फुटलं आहे. डोळ्यात बॅटरी मारली तर एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी. डोक्याचा फोटो काढला. कवटीच्या आत रक्त साठून मेंदूला दाबत होतं.

आता पंचाईत बघा दादा. मेंदूवरचा दाब काढायला कवटी ताबडतोब उघडायला हवी. पण गारठलेलं रक्त लवकर साकळत नाही, सुरी लावली तर वाहतच राहील. बरं, घाईघाईने ऊब द्यावी तर मेंदू आणखी सुजतो आणि काळीजही दगा देतं. शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणत होते थांबू नका, भुलीचे डॉक्टर म्हणत होते इतक्यात नको. शेवटी ऊब देत देतच आत नेलं, सगळी तयारी करून उभे राहिले आणि रक्त धरेल एवढा गरम झालो तेव्हा उघडलं. रूपाली डॉक्टर म्हणतात, असा रोगी त्यांनी पुस्तकातच बघितला होता, गोव्यात कधी भेटेल असं वाटलं नव्हतं.

मी विचारलं, असा माणूस सापडला तर लोकांनी काय करू नये? त्या म्हणाल्या, हातपाय चोळू नयेत आणि दारूचा थेंब जवळ आणू नये. चोळणं म्हणजे त्या काळजाला धक्के मारणं, आणि दारूने अंग आणखी गार पडतं. “तुला कुणी चोळलं असतं तर तू इथवर पोचला नसतास,” असं म्हणाल्या. तेव्हा तुम्ही नुसतं कांबळं घातलंत तेच माझ्या कामी आलं.

शिगम्याचे ढोल परवा दारावरून गेले. मला तो आवाज सोसला नाही, कानात कापूस घालून आत बसलो. सेजलला ढोल फार आवडतात.

कृष्णनाथ


कोरगाव
२२ मे २०२५

भिकाजीदादा,

उत्तर नाही. पत्र पोचलं ना? की बरं नाही तुम्हाला?

इकडे काजू संपले, फणस पडायला लागले. एक कापला, पण एकट्याने किती खायचा? सोनाबाईला दिला. शब्द बरेच परत आलेत. जनेल, मेज, कदेल, तवाल, घरातल्या एकेका वस्तूला हात लावून मोठ्याने म्हणतो. बाहेरून कुणी ऐकलं तर म्हणेल, याच्याकडे पाहुणे आलेत.

माझं काही चुकलं असेल तर सांगा. चवथीला या. गणपतीपुढे तुमचं भजन झालं तर घर घरासारखं वाटेल.

कृष्णनाथ


नार्वे
११ जून २०२५

चि. कृष्णा,

पत्रं पोचली. प्रकृती बरी आहे. लिहायला हात होत नाही.

चवथीला माझं येणं होणार नाही. माझ्यासारख्याने तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नये हेच बरं. का ते विचारू नकोस. तू वाचलास ही देवाची कृपा, त्यात माझा वाटा नाही, उलट आहे तो भलताच आहे.

पोरीला जप.

भिकाजी


कोरगाव
६ ऑगस्ट २०२५

भिकाजीदादा,

तुमचं चार ओळींचं पत्र वाचलं आणि समजायचं ते समजलो. आता मीही लपवत नाही.

दिपालीची आई ठणठणीत आहे. दिपाली मला सोडून गेली आहे.

मी पूर्वी किती प्यायचो ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार, बाकावर शेजारी तुम्हीच असायचा. सेजल दोन वर्षांची होती तेव्हा एकदा मी तिला कडेवर घेऊन पायरीवरून पडलो. तिला काही झालं नाही, पण दिपालीने मला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. पुन्हा थेंब घेतलास तर त्या दिवशी मी या घरातून गेले, असं म्हणाली. तेव्हापासून मी तोंडाला लावलेली नाही. निदान त्या जूनपर्यंत तरी नाही, असं समजत होतो.

पहिल्या दवाखान्यात दिपाली धावत पोचली तेव्हा मी खाटेवर पडलेला, आणि शर्टाला, अंगाला फेणीचा वास. तिथला डॉक्टर तिला म्हणाला, “प्यालेला आहे. उतरली की उठेल.” एवढ्यावर त्यांनी मला बाजूला ठेवलं. मोठ्या इस्पितळात पाठवताना दिलेल्या कागदावरही त्यांनी तेच लिहिलं होतं. रूपाली डॉक्टरांना मी विचारलं, माझ्या रक्तात दारू होती का? त्या म्हणाल्या, जीव वाचवायच्या गडबडीत ते तपासलंच नाही.

दिपालीने माझी सेवा केली, खोटं कशाला बोलू? मला घास भरवला, बेडपॅन दिलं, दोन महिने बाकड्यावर झोपली. मग घरी आणलं, चुलीवर पेज ठेवली, सोनाबाईला सांगितलं आणि पोरीला घेऊन गेली. दवाखान्यातल्या त्या वासाबद्दल एक शब्द बोलली नव्हती. जाताना बोलली. मी म्हटलं, मला काही आठवत नाही. ती म्हणाली, सगळे बेवडे असंच म्हणतात.

आता तिचा एकच निरोप येतो. “खरें कितें तें सांग, मगीर हांव येतां.” नुसतं कबूल कर, मी माफ करते, परत येते. आणि मी कबूल काय करू दादा? मला तो दिवसच नाही. म्हणून तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. सरळ विचारायचा धीर झाला नाही. वाटलं, तुम्ही सगळं लिहाल आणि त्यात बाटलीचं नाव नसेल. तर शेवटी तुम्हीच गमतीने लिहिलंत, माझी कोरी बाटली तुझ्यापायी रिकामी झाली. आणि आता म्हणता तुमचा वाटा भलताच आहे. म्हणजे आपण दोघे बसलो, मी प्यालो आणि झिंगत आत गेलो.

मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त एवढंच सांगा. मी मागितली की तुम्ही दिलीत? आणि आधी मी नको म्हटलं होतं का? एकदा तरी म्हटलं होतं का?

चवथीच्या आदल्या रविवारी मी वाळपईला जाणार आहे. तोपर्यंत तुमचं पत्र आलं नाही तर मी हेच खरं धरून चालेन आणि तिला कबूल करेन. एकट्याने गणपती आणायची माझी ताकद नाही.

कृष्णनाथ


नार्वे
९ सप्टेंबर २०२५

कृष्णा,

तुझं पाकीट ऑगस्टमध्येच आलं होतं. मी ते उघडलं नाही. देवाच्या तसबिरीमागे ठेवलं आणि रोज दिवा लावताना त्याच्याकडे न बघता हात जोडले. चवथ झाली, विसर्जन झालं, काल उघडलं. आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अरे, बाटली तुझ्या पोटात नाही गेली, अंगावर गेली रे!

तू लाकडासारखा पडला होतास. मला दुसरं काय ठाऊक? आम्हाला लहानपणी हुडहुडी भरली की आई फेणीनेच चोळायची, तळपाय, छाती, पाठ. खोलीवर जाऊन कपाटातली नवी बाटली आणली आणि तुला चोळत सुटलो. दोन दिवस खांदे उठले नाहीत म्हणून लिहिलं ते हेच. थोडी तोंडात घालायला गेलो तर दात मिटलेले, सगळी हनुवटीवरून शर्टावर सांडली. एक थेंब आत गेला नाही. मी डोळ्यांनी बघितलं आहे.

पहिल्या पत्रात हे खुलवून लिहिणार होतो. म्हटलं, भेटलो की साग्रसंगीत सांगू, मी तुला कसं परत आणलं ते. तेवढ्यात तुझं पत्र आलं की, चोळलं असतं तर हा पोचला नसता. त्यानंतर माझी जेवणाची इच्छाच गेली. मी तुला मारतच होतो की रे. तुझं ते डोकं, ती बोटं, ते शब्द, सगळं माझ्या हातांनी गेलं असं वाटायला लागलं. पाकीट आलं तेव्हा वाटलं, याला कळलं, आता जाब विचारतोय. म्हणून उघडलं नाही. तू दारूच्या आरोपाखाली जळतोयस हे मला स्वप्नातही आलं नाही. पहिल्याच पत्रात एक ओळ लिहायची होतीस!

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी जेवायला निघताना मी तुला म्हटलं होतं, पाऊस आहे, काम नाही, चल खोलीवर, एक कोप मार. तू हसलास आणि म्हणालास, “ना दादा, चेडवाच्या माथ्यार हात दवरला.” पोरीच्या शपथेचं नाव घेतलंस आणि गमबूट घालून कामाला लागलास. हे तुझे माझ्याशी शेवटचे शब्द. माझ्या कानात अजून आहेत.

मी वाळपईला जाऊ की कोरगावला येऊ, एवढंच कळव. दिपालीपुढे बसून सगळं सांगतो. पायाही पडतो, वयाचा मान बाजूला ठेवून.

भिकाजी


कोरगाव
२१ सप्टेंबर २०२५

भिकाजीदादा,

तुमचं पत्र आलं तेव्हा दिपाली अंगणात कपडे वाळत घालत होती. पोस्टमनने तिच्याच हातात दिलं. तिने न उघडता मला आणून दिलं.

हो, ती आली आहे. चवथीच्या आदल्या रविवारी मी वाळपईला गेलो. तिच्या आईबापांसमोर, भावासमोर म्हटलं, प्यालो होतो. शब्द नीट आला, अडखळलो नाही. दिपाली खूप रडली. मग उठून सामान बांधलं. गणपतीवरची फळांची माटोळी आम्ही तिघांनी मिळून बांधली. नैवेद्याला तिने नेवऱ्या तळल्या, सोनाबाई आली, आरती झाली. वर्षभरात पहिल्यांदा मला भूक लागली.

तुमचं पत्र मी परसात माडाखाली बसून वाचलं. “चेडवाच्या माथ्यार” इथपर्यंत आलो आणि रडलो दादा. मी नाही म्हटलं होतं. मला त्या दिवसातलं दुसरं काही नको, हे एवढं मिळालं.

लगेच उठलो. पत्र खिशात, धावतच स्वयंपाकघराकडे गेलो, तिला वाचून दाखवायला. आत ती सोनाबाईला सांगत होती, “तो खरें उलयलो म्हूण हांव आयल्यें.” खोटं बोलून नाही म्हणत बसला असता तर जन्मात आले नसते, असंही म्हणाली. इतक्या समाधानाने म्हणाली की मी दारातूनच मागे फिरलो.

विचार करा. मी आता जाऊन काय सांगू? प्यालो नव्हतो? मग तिच्या घरच्यांसमोर बोललो ते काय? ती म्हणेल, हा पुन्हा सुरू झाला. साक्षीदार कोण, तर भिकाजी, त्याचा जुना सोबती, आणि म्हणे फेणी अंगाला चोळली. तुम्ही पाया पडलात तरी तिला वाटेल, दोघांनी मिळून रचलं. आणि समजा पटलंच, तर आजारी नवऱ्याला उगाच टाकून गेले हे तिला आयुष्यभर खात राहील. बाकड्यावर दोन महिने झोपलेल्या बाईला मी ते कसं देऊ? खोटं बोललो तेव्हा घर भरलं. खरं बोललो तर ते पुन्हा रिकामं व्हायचं, आणि मला ते एकटेपण परत नको आहे. मी भित्रा आहे म्हणा.

पण तुमचं ओझं मला उतरवायचं आहे. काल तपासणीला गेलो तेव्हा रूपाली डॉक्टरांना एकट्यात सगळं सांगितलं. त्या डोक्याला हात लावून हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, चोळणं चूकच, पण मेंदूला मार पडण्याने लागला आणि बोटं थंडीने गेली, तुझ्या दादांच्या हातांनी नाही. त्यांनी शोधलं नसतं, बाहेर ओढलं नसतं, तर ऊब द्यायला आमच्याकडे कुणी आलंच नसतं. त्यांना सांग, डॉक्टरने नमस्कार सांगितलाय. तर दादा, आता नीट जेवा. माझा जीव तुमच्या हातून गेला नाही, तुमच्या हातांनीच आला. हे मी उगाच बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

दिवाळीला या. भजन करा, पोहे खा, दिपालीही काही बोलणार नाही. फक्त त्या दिवसाचा विषय काढू नका. काढला तर मी ओळख दाखवणार नाही.

रोज संध्याकाळी मी बाजारातून आलो की सेजल दारात येऊन गळ्यात पडते. पूर्वी पडायची नाही. पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, ती माझ्या तोंडाचा वास घेते. घेते आणि आत जाऊन आईला मान हलवून दाखवते, नाही म्हणून. मी तिच्यासाठी खाली वाकतो, तोंड उघडतो आणि तिला नीट कळावं म्हणून श्वास सोडतो.

कृष्णनाथ